संदेश वरचा, बिघाड तळाचा

माझ्या भावाचा एक टीबी क्षमतेचा बाह्य ड्राइव्ह डेस्कटॉप संगणकाला जोडल्यावर वेगवेगळे संदेश दाखवू लागला आणि त्यावरच्या फायली परत मिळवण्याचे काम माझ्याकडे आले. ड्राइव्ह अडीच इंची, आत फिरत्या तबकड्या असलेला आणि वीजही यूएसबी केबलमधूनच घेणारा होता. विंडोज आणि मॅक अशा दोन्ही संगणकांवर चालावा म्हणून तो एक्सफॅट या फाइल सिस्टिमने, म्हणजे फायलींची नावे आणि जागा सांभाळणाऱ्या मांडणीने, फॉरमॅट केलेला होता. घरातले फोटो, व्हिडिओ आणि स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे त्यावर होती आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून ठरला. दुसरी प्रत असती, तर ड्राइव्ह सरळ फॉरमॅट करून मी मोकळी झाले असते.

संगणकाच्या पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये ड्राइव्ह लावला, की कधी पडद्याच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना येई. कधी ड्राइव्हला ‘ई’ हे अक्षर मिळे, पण त्यावर क्लिक केल्यावर बराच वेळ काहीच होत नसे आणि मग ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी त्यातील डिस्क फॉरमॅट करावी लागेल, आता करायची का?’ अशा अर्थाची विचारणा होई. कधी फॉरमॅटचा उल्लेखही नसे. ड्राइव्ह उघडता येत नाही, ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’, एवढेच. भावाने फोनवर सोपा मार्ग सुचवला होता. “ताई, तो फॉरमॅटच मागतोय ना, मग करून टाक. फायली नंतर सॉफ्टवेअरने परत मिळतात म्हणे.” मिळतात, पण सगळ्याच मिळतील असे नाही, आणि मिळतात त्याही पुष्कळदा मूळ नावाशिवाय आणि फोल्डरशिवाय. “अरे, त्याला पुढचे वाचता येईना, म्हणून तो कोरी पाटी मागतोय,” असे त्याला सांगून मी ती खिडकी रद्द केली.

एकाच ड्राइव्हबद्दल संगणक इतक्या तऱ्हांनी बोलतो, कारण संदेश बिघाडाच्या जागेवरून येत नसतो. संगणक ज्या पायरीवर हात टेकतो, त्या पायरीवरून तो येतो. ड्राइव्ह जोडल्यापासून फाइल उघडेपर्यंत आधी वीज पोहोचावी लागते, मग यूएसबीवरून ओळख पटावी लागते, मग डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे मजकुराचे ठरावीक आकाराचे छोटे कप्पे, वाचता यावे लागतात, त्यांत पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर आखलेल्या भागाची, नोंद सापडावी लागते, त्या पार्टिशनमधली फाइल सिस्टिम ओळखू यावी लागते आणि शेवटी फाइल हाती येते. तळाशी काही ढिले असेल, तर संगणक कधी तळाशीच अडतो, कधी वरच्या पायरीपर्यंत जाऊन अडतो. म्हणून संदेश कोणताही असो, तपासणी विजेपासून वर जायची, असे मी ठरवले. इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला याच्या नेमका उलटा, म्हणजे फाइल सिस्टिमपासून सुरू होणारा असतो, आणि तो मला धोक्याचा वाटतो.

पहिली सूचना आली तेव्हा विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, डिव्हाइस मॅनेजर, उघडून पाहिली. तिथे ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ अशी ओळ पिवळ्या त्रिकोणासह होती आणि तिच्या गुणधर्मांत कोड ४३ दिसत होता. यूएसबीला काहीही जोडले, की संगणक सर्वांत आधी त्याच्याकडून १८ बाइटांची एक छोटी नोंद मागतो. उत्पादक कोण, उपकरण कोणते, अशी ओळख तिच्यात असते. त्या १८ बाइटांचे उत्तर आले नाही, की ही ओळ दिसते. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर हीच तक्रार ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ या शब्दांनी आणि उणे ७१ किंवा उणे ११० अशा आकड्याने येते. उणे ७१ म्हणजे संभाषणाच्या नियमात चूक आणि उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. या टप्प्यावर संगणकाला समोरचे उपकरण हार्ड डिस्क आहे हेही कळलेले नसते, मग फायलींची स्थिती त्याला कुठून कळणार? त्यामुळे या संदेशावरून फायली गेल्या असे समजण्याचे काही कारण नव्हते. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे विंडोजमधले सॉफ्टवेअर, काढून पुन्हा बसवणे हा उपाय या संदेशासाठी सर्रास सुचवला जातो. तो निरुपद्रवी असल्यामुळे मीही करून पाहिला आणि अपेक्षेप्रमाणे काही फरक पडला नाही.

ड्राइव्हवर बोट टेकवले, तर आतली तबकडी फिरू लागल्याची बारीक थरथर जाणवते. पुढच्या पोर्टला लावल्यावर ही थरथर सुरू होई, वेग घेता घेता मध्येच तुटे, एक हलका ‘टक’ ऐकू येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. वाचणारे टोक खराब झाले तरी असा आवाज येतो आणि तसे असेल, तर ड्राइव्ह लगेच बंद करून व्यावसायिक प्रयोगशाळेकडे सोपवणेच शहाणपणाचे. पण इथे आवाज प्रत्येक वेळी तबकडी वेग घेत असतानाच येत होता आणि त्याबरोबर ड्राइव्हवरचा दिवाही विझत होता. दिवा विझतो म्हणजे वीज तुटते. यांत्रिक बिघाडात सहसा दिवा तसाच राहतो. या लहानशा निरीक्षणाने पुढची दिशा ठरली.

वीज तुटण्याच्या जागा दोनच होत्या, केबल आणि पोर्ट. या ड्राइव्हची केबल मायक्रो-बी प्रकारची, रुंद आणि मधे खाच असलेल्या प्लगची होती. या प्लगचे दोन भाग असतात: मोठा भाग जुन्या यूएसबी २ चा आणि शेजारचा छोटा भाग यूएसबी ३ च्या जादा तारांचा. मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो-बी केबलही बसते आणि ड्राइव्ह तिच्यावर कमी वेगाने चालू शकतो. यूएसबी २ ची वेगमर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. त्यामुळे घरात पडलेली फोनची केबल हे तपासणीचे फार उपयोगी साधन ठरते: तिच्यावर ड्राइव्ह स्थिर चालला आणि स्वतःच्या केबलवर अडखळला, तर दोष जादा तारांच्या बाजूला आहे असे म्हणता येते. इथे मात्र पुढच्या पोर्टवर दोन्ही केबलींनी ड्राइव्ह सारखाच अडखळला, म्हणून संशय पोर्टवर आला.

पुढची आणि मागची पोर्ट दिसायला सारखी असली, तरी त्यांची जोडणी निराळी असते. मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवर, झाळलेली असतात, तर पुढची पोर्ट पेटीच्या आतून एका लांब केबलने मदरबोर्डवरच्या पिनांना जोडलेली असतात. म्हणजे तारेची लांबी वाढते, सांधे वाढतात आणि प्रत्येक ठिकाणी विजेचा दाब थोडा थोडा कमी होतो. नियमाप्रमाणे यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा असतो. फिरत्या तबकड्यांचा ड्राइव्ह सर्वांत जास्त प्रवाह ओढतो तो सुरू होताना, तबकडी वेग घेत असताना. पोर्ट आणि केबल यांच्या मधे बसणारा, व्होल्ट व अँपिअर दाखवणारा एक छोटा मीटर माझ्याकडे होता. पुढच्या पोर्टवर ड्राइव्ह नसताना तो जवळजवळ ५ व्होल्ट दाखवत होता. ड्राइव्ह लावताच आकडा ४.६ च्या खाली घसरला आणि त्याच क्षणी दिवा विझला. मागच्या पोर्टवर तोच ड्राइव्ह त्याच केबलने लावला, तर आकडा जेमतेम हलला. विजेविषयी यापुढे शंका उरली नाही. ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावल्यावर ‘नॉट रेकग्नाइज्ड’ ही सूचना पुन्हा कधी आली नाही.

फॉरमॅटची विचारणा मात्र मागच्या पोर्टवरही कायम होती. विजेचा दोष दूर होऊनही ती उरली, याचा अर्थ त्या दोषाने वरच्या पायऱ्यांवर काहीतरी नुकसान करून ठेवले होते.

डिस्क मॅनेजमेंट या विंडोजच्या खिडकीत, जिथे सगळ्या डिस्क आणि त्यांची पार्टिशन दिसतात, ड्राइव्हसमोर ९३१.५१ जीबी असा आकडा होता. एक टीबीचा ड्राइव्ह एवढाच दिसतो, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. क्षमता पूर्ण दिसत होती, म्हणजे ड्राइव्हच्या बाहेरच्या डबीतले यूएसबीचे सर्किट आतल्या डिस्कशी नीट बोलत होते. त्याखाली एकच पार्टिशन योग्य आकाराचे दिसत होते, म्हणजे पार्टिशनची नोंदही शाबूत होती. फक्त जिथे ‘एक्सफॅट’ लिहिलेले असायला हवे, तिथे ‘रॉ’ असे लिहिले होते; पार्टिशन आहे, पण त्यातली फाइल सिस्टिम ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. या खिडकीतली माहिती कोणत्याही संदेशापेक्षा अधिक भरवशाची असते, असे माझे मत आहे. इथे ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ असे दिसले असते आणि क्षमताच दिसली नसती, तर दोष डिस्कमध्ये किंवा सर्किटमध्ये आहे असे मानावे लागले असते. अशा वेळी विंडोज डिस्क इनिशिअलाइझ करण्याची परवानगी मागते. ती दिली, तर पार्टिशनची नवी कोरी नोंद लिहिली जाते. मॅकवर हाच ड्राइव्ह लावला, तेव्हा ‘जोडलेली डिस्क या संगणकाला वाचता येत नाही’ असे म्हणून तिथेही काढून टाका, दुर्लक्ष करा आणि इनिशिअलाइझ करा असे पर्याय आले. मी दुर्लक्ष करण्याचा पर्याय निवडला.

ड्राइव्ह डिस्क मॅनेजमेंटमध्ये व्यवस्थित दिसतो, फाइल सिस्टिमचे नावही बरोबर असते, पण एक्सप्लोररमध्ये तो नसतो, असाही प्रकार होतो. तेव्हा बहुधा त्याला अक्षर मिळालेले नसते किंवा त्याचे नेहमीचे अक्षर नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरला दिलेले असते. तिथे फक्त अक्षर बदलून भागते.

आता ‘चेकडिस्क’विषयी, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या आज्ञेविषयी. रॉ दिसणाऱ्या पार्टिशनवर ही आज्ञा सहसा चालतच नाही. ‘रॉ ड्राइव्हसाठी उपलब्ध नाही’ असे सांगून ती थांबते. पण चालली असती तरी या टप्प्यावर मी ती दिली नसती. दुरुस्तीच्या पर्यायासह दिलेली ही आज्ञा डिस्कवर लिहिते, आणि आपल्याला न जुळणाऱ्या नोंदी ती फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी तोडून टाकते. फाइल सिस्टिम सुसंगत होणे आणि आपल्या फायली वाचणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. शिवाय खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय दिला, तर आधीच कुरकुरणाऱ्या डिस्कला ती टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावते आणि त्या सगळ्या श्रमातून आपल्या हाती एकही प्रत पडत नाही. दुसरी प्रत नसलेल्या ड्राइव्हवर पहिला उपाय म्हणून चेकडिस्क सुचवणारे लोक मला बेफिकीर वाटतात.

त्याऐवजी मी विंडोज घडलेल्या घटना जिथे टिपून ठेवते, त्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिमच्या नोंदी वाचल्या. तिथे दोन क्रमांक पुन्हा पुन्हा दिसत होते: १५७, म्हणजे डिस्क अचानक काढली गेली, आणि ७, म्हणजे उपकरणावर खराब ब्लॉक आहे. महत्त्वाचा होता तो त्यांचा क्रम. जुन्या नोंदींत फक्त १५७ होते. भावाने ड्राइव्ह हातानेही काढला नव्हता, तरी विंडोजच्या दृष्टीने तो पुन्हा पुन्हा ‘काढला’ जात होता. एका १५७ नंतर मात्र क्रमांक ७ ची पहिली नोंद आली आणि तिथून पुढे ड्राइव्ह जोडला, की ती येतच राहिली. वीज तुटण्याचे प्रकार आधीपासून चालू होते आणि त्यांतल्या एकाने डिस्कवर एक जखम केली, एवढे यावरून स्पष्ट झाले. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करताही काढता यावेत अशी मूळ मांडणी असते, म्हणून अनेकांना याचे भय उरलेले नाही. पण त्या मांडणीने विंडोज स्वतःकडे मजकूर साठवून ठेवत नाही, एवढेच होते. डिस्क प्रत्यक्ष लिहीत असताना तिची वीज गेली, तर ती मांडणी काही करू शकत नाही.

त्यानंतर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे स्मार्ट, पाहिल्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम बहुतेक यूएसबी ड्राइव्हमधून त्या वाचू शकतो. एक लक्षात ठेवावे, त्यातले मूळ आकडे प्रथम सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात दिसतात, म्हणजे तिथले १० हे आपले १६ असतात. या ड्राइव्हवर पिवळी ‘कॉशन’ची खूण होती. बदलून टाकलेल्या सेक्टरांची मोजणी करणारी ०५ ही ओळ शून्य होती. वाचता न येणाऱ्या आणि निर्णयाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची सी५ ही ओळ मात्र शून्य नव्हती. तिथे एक लहान आकडा होता. आणखी एक ओळ लोक नेहमी पाहतात ती सी७, म्हणजे डिस्क आणि तिला जोडणारे सर्किट यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका. हा आकडा वाढला की केबल बदला, असा सल्ला असतो, पण तो संगणकाच्या पेटीतल्या साटा केबलपुरता, म्हणजे डिस्क थेट मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलपुरता, खरा आहे. बाह्य ड्राइव्हमध्ये ही ओळ डबीच्या आतल्या जोडणीविषयी बोलते. बाहेरची यूएसबी केबल कितीही खराब असली तरी तिथे तिचा हिशेब लागत नाही.

०५ शून्य आणि सी५ थोडा, या जोडीला एक ठरलेला अर्थ असू शकतो. डिस्क एखादा सेक्टर लिहीत असताना वीज गेली, तर मजकूर अर्धा नवा, अर्धा जुना राहतो आणि त्याच्यासोबतची तपासणीची बेरीज जुळत नाही. मग डिस्क तो सेक्टर वाचायला नकार देते. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ हा संदेश आपल्यापर्यंत पोहोचतो तो अशाच नकारातून. तबकडीचा पृष्ठभाग मात्र ठीक असू शकतो आणि त्या जागी नवे काही लिहिले, की सेक्टर पुन्हा चालू लागतो. अर्थात हा त्या वेळी केवळ तर्क होता. सी५ हे डिस्क मरणपंथाला लागल्याचेही लक्षण असते, म्हणून तिला मरणारी डिस्क समजूनच पुढचे काम करायचे होते.

ड्राइव्ह डबीतून काढून आतली डिस्क थेट साटाला जोडा, असेही एकाने सुचवले. ते मी तीन कारणांनी टाळले. अडीच इंची अनेक बाह्य ड्राइव्हमध्ये यूएसबीचे तोंड डिस्कच्या सर्किटवरच झाळलेले असते आणि साटाचे तोंड नसतेच. काही डब्यांतली चिप सगळा मजकूर परस्पर एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात बदलते, त्यामुळे चिप वगळली तर उरतो तो निरर्थक मजकूर. आणि काही डब्या ५१२ बाइटांचे सेक्टर ४०९६ बाइटांचे म्हणून दाखवतात. अशी डिस्क थेट जोडली, तर पार्टिशनची नोंद चुकीच्या जागी दिसते आणि नसलेला बिघाड समोर उभा राहतो.

पुढचे काम लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे संगणकावर काही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून, केले. विंडोज जोडलेल्या ड्राइव्हला स्वस्थ बसू देत नाही. ते त्याला उघडून पाहण्याचा प्रयत्न करत राहते आणि प्रत्येक वेळी त्याच खराब सेक्टरवर अडते. लिनक्सवर ड्राइव्ह आपोआप माउंट होणे, म्हणजे फायलींसाठी उघडला जाणे, बंद करता येते. तिथे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम वापरून संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली सेक्टरवार हुबेहूब प्रत, एका मोठ्या ड्राइव्हवर घेतली. प्रतिमेची फाइल जवळजवळ एक टीबीची होणार असल्यामुळे तो दुसरा ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचा असून चालत नाही, कारण त्यात एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. या प्रोग्रामचे वैशिष्ट्य असे, की तो अडचणीच्या जागी अडून बसत नाही: सहज वाचता येईल ते सगळे आधी उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि नंतर त्या जागांच्या कडा कुरतडत आत जातो. मधेच थांबवले, तरी नकाशावरून पुढे सुरू करता येते. एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे मूळ डिस्क कोणती आणि प्रत कुठे घ्यायची. लिनक्स त्यांना ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे देते आणि ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून मी क्षमता आणि डिस्कचा अनुक्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय आज्ञा दिली नाही.

प्रत घ्यायला रात्र गेली. सकाळी नकाशा पाहिला, तर संपूर्ण डिस्कमध्ये न वाचता आलेला तुकडा एकच होता, अवघ्या ४०९६ बाइटांचा. त्याची जागा होती सुरुवातीपासून १०,४८,५७६ बाइटांवर. ५१२ ने भागले, की २०४८ येतात, आणि पार्टिशन सुरू होत होते ते नेमके २०४८ व्या सेक्टरपासून. आजच्या डिस्क बाहेरून ५१२ बाइटांचे सेक्टर दाखवत असल्या, तरी आत प्रत्यक्ष ४०९६ बाइटांचा तुकडा एकदमच लिहितात. म्हणजे आठ सेक्टर एकत्र जगतात आणि एकत्र बुडतात. पार्टिशनचे पहिले आठ सेक्टर असे बुडाले होते.

नेमके तेच का बुडाले, याचे उत्तर एक्सफॅटच्या रचनेत आहे. २००६ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या या फाइल सिस्टिममध्ये जर्नल नाही, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची वेगळी नोंदवही नाही. तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, बूट सेक्टरमध्ये, दोन नोंदी वारंवार बदलतात: ड्राइव्हवर लिहिणे चालू आहे की व्यवस्थित संपले हे सांगणारी खूण आणि किती टक्के जागा भरली आहे तो आकडा. बूट भागाची तपासणीची बेरीज करताना या नोंदी मुद्दाम वगळल्या जातात, इतक्या त्या बदलत्या आहेत. म्हणजे ड्राइव्हवर काही लिहायला सुरुवात केली, की त्या सेक्टरला हात लागतोच. भावाचा ड्राइव्ह पुढच्या पोर्टवर नेमका त्या क्षणी वीज गमावून बसला. सेक्टर अर्धा लिहिला गेला, वाचता येईना, फाइल सिस्टिम ओळखू येईना, आणि विंडोजने फॉरमॅट मागितला. ९३१ जीबी मजकूर जिथल्या तिथे होता.

एक्सफॅट आपल्या पहिल्या बारा सेक्टरांची राखीव प्रत लगेच पुढच्या बारा सेक्टरांत ठेवते. आठ बुडाले तरी बाराव्यापासूनची प्रत वेगळ्या तुकड्यात असल्यामुळे वाचली होती. टेस्टडिस्क या मोफत प्रोग्रामने प्रतिमेची फाइल थेट उघडता येते. तिच्या सुरुवातीचा काही भाग आधी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवला, म्हणजे पाऊल चुकले तर मागे येता आले असते. मग टेस्टडिस्कच्या प्रगत पर्यायांत जाऊन ते पार्टिशन निवडले. बूट सेक्टर खराब, राखीव बूट सेक्टर ठीक, असे त्याने सांगितले, आणि ‘बॅकअप बीएस’ हा पर्याय निवडताच राखीव प्रत मुख्य जागी लिहिली गेली. हे सगळे प्रतिमेवर झाले. मूळ ड्राइव्ह तोपर्यंत काढून बाजूला ठेवला होता.

प्रतिमा केवळ वाचण्यापुरती माउंट केली आणि फोल्डर आपापल्या नावांनिशी उघडले. सगळे दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेतल्यावर फोटोंचा प्रत्येक फोल्डर उघडून पाहिला, कारण फायलीचे नाव आणि आकार दिसला म्हणजे आत मजकूर आहे असे नव्हे. एका व्हिडिओच्या बाबतीत तसेच निघाले: आकार पूर्ण, पण अर्ध्यानंतर चित्र थांबते. वीज गेली तेव्हा कदाचित तोच ड्राइव्हवर उतरत होता. त्याची मूळ फाइल भावाच्या फोनमध्ये अजून होती, म्हणून तो प्रश्नही मिटला.

मूळ ड्राइव्हचे काय, हे ठरवणे आता निवांतपणे करता आले. विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला, तर संपूर्ण पार्टिशनवर शून्ये लिहिली जातात. तसे केल्यावर स्मार्टच्या नोंदी पुन्हा पाहिल्या: सी५ शून्यावर आला होता आणि ०५ शून्यच राहिला होता. म्हणजे डिस्कने तो सेक्टर बदलून न टाकता पुन्हा वापरात घेतला होता. पृष्ठभागाला इजा नव्हती. त्यानंतर विस्तारित स्व-चाचणीही निर्दोष पार पडली. तरीही त्या ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही, असे भावाला सांगितले आहे आणि त्याने ते ऐकले आहे.

राहिले पुढचे पोर्ट. पेटी उघडून पाहिली, तर मदरबोर्डवरच्या पिनांवर बसणारा जाड प्लग एका बाजूने किंचित वर उचललेला होता. तो नीट दाबून बसवल्यावर मीटरवरची घसरण कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. पेन ड्राइव्ह आणि कीबोर्ड तिथे विनातक्रार चालतात, कारण त्यांना फारच थोडी वीज लागते. फिरत्या तबकड्यांचे ड्राइव्ह मात्र आता मागच्याच पोर्टला लागतात, आणि वाकून मागे हात घालावा लागतो म्हणून भाऊ अजून कुरकुरतो.